श्वानरथांतून एक प्रहर

बैलगाडी, टांगा, आगगाडी आणि मोटार या वाहनांचा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस आहे. डोलींतून किंवा घोड्यावरून केदारनाथ गांठलेली मंडळीही वाचकांत पुष्कळ असतील. परंतु कुत्र्यांनीं ओढलेल्या गाडींत बसण्याचा योग फार थोड्यांना आला असेल. तो गेल्या हिंवाळ्यांत आम्हांला आला. ज्या प्राण्याला आमच्या वडिलांनीं कधीं ओसरीची पायरी चढूं दिली नाहीं, त्याच्याच आठ भाऊबंदांनीं आम्हां उभयतांस हिमाच्छादित पर्वतांतून ओढून नेलें. हौस म्हणून गेलों होतों. परत आलों तेव्हां चौतीस वर्षें ज्या धंद्यांत घालविलीं त्या धंद्याविषयींचाच एक धडा घेऊन आलों. तो सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या व जांवई कॅनडांतील कॅलगरी शहरीं राहतात. तेथून पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरवर, रॉकी पर्वताच्या कुशींत, कॅन्मोर नांवाचें गांव आहे. एके काळीं हें कोळशाच्या खाणींचें गांव होतें. शेवटची खाण १९७९ सालीं बंद पडली. पुढें १९८८ सालीं कॅलगरीस हिंवाळी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां बर्फावरील लांब पल्ल्याच्या शर्यती येथेंच झाल्या, आणि खाणकामगारांचें गांव प्रवाशांचें गांव होऊन बसलें. गांवावर ‘तीन भगिनी’ नांवाचीं तीन शिखरें पहारा देत उभीं आहेत. जवळच हा लिंग नांवाचें आणखी एक शिखर आहे. हा लिंग हा एक चिनी स्वयंपाकी. १८९६ सालीं पैज मारून तो त्यावर चढून गेला. पुढें त्या शिखराला त्याच्या जातीवरून एक तुच्छतेचें नांव पडलें आणि पुष्कळ वर्षें टिकलें. १९९७ सालीं तें पुसून त्या माणसाचें स्वतःचें नांव शिखरास देण्यांत आलें. न्याय शंभर वर्षांनीं झाला, पण झाला.

गांव सोडतांच रस्ता एकदम चढूं लागतो. डांबर संपून बर्फानें झांकलेला अरुंद घाट सुरू होतो, आणि तो ओलांडला कीं स्प्रे सरोवराचें खोरें समोर पसरतें. सरोवर गोठलेलें, देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष बर्फाच्या भारानें वांकलेले, आकाश मात्र निरभ्र निळें. उष्णतामान उणे अठरा अंश होतें. अंगावर सहा वस्त्रें चढवूनही आमच्या मिशांवर श्वासाचें बर्फ जमलें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हें सगळें त्या खिडकींतून दिसत नव्हतें का?”

मोटारींतून उतरतों तोंच कानठळ्या बसतील असा कोलाहल ऐकूं आला. पन्नासएक कुत्रीं एका सुरांत नव्हे, पन्नास सुरांत ओरडत होतीं. आमची अशी समजूत होती कीं, गाडी ओढणारीं कुत्रीं म्हणजे लांडग्यासारखीं धिप्पाड आणि केसाळ असावयाचीं. प्रत्यक्षांत तीं निघालीं सडपातळ, लांब तंगड्यांचीं, वजनानें वीस-पंचवीस किलोंचीं. कोणी काळें, कोणी तांबूस, एकाचा कान उभा तर दुसऱ्याचा पडका. त्यांना अलास्कन हस्की म्हणतात. पण ही शुद्ध जात नव्हेच. नाना प्रकारच्या कुत्र्यांच्या संकरांतून, केवळ धांवण्याची आवड, दम आणि पायांची बळकटी पाहून ही प्रजा पिढ्यान् पिढ्या निवडलेली आहे. येथें कुळ विचारीत नाहींत, काम पाहतात.

गाडी म्हणजे चाकांवांचूनची लांकडी घसरगाडी. पुढें दोघांनीं पाय पसरून, पांघरुणें घेऊन बसावयाचें; मागें दोन घसरपट्ट्यांवर सारथ्यानें उभें राहावयाचें. आमचें सारथ्य बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलीकडे होतें. गाडीपासून एक लांब दोर पुढें जातो आणि त्याच्या दोन्हीं बाजूंस कुत्रीं जोडीजोडीनें जुंपतात. सर्वांत पुढें अक्कलवान् जोडी, कारण वाट तिनें ठरवावयाची. गाडीलगत सर्वांत दणकट जोडी, कारण वळणावर गाडीचा हिसका तिनें सोसावयाचा. लगाम नाहीं. उजवीकडे वळण्यास ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, निघण्यास ‘हाइक’, थांबण्यास ‘व्हो’, एवढ्या चार शब्दांवर सगळा कारभार.

जुंपणी चालली असतां आठही कुत्रीं उड्या मारीत, दोर ओढीत, जणूं रडत होतीं. गाडी निसटूं नये म्हणून एक लोखंडी आंकडा बर्फांत रोवलेला होता. आम्हीं मास्तरी संवयीनें विचारलें, “तुमचा चाबूक कोठें आहे?” ती मुलगी हंसून म्हणाली, “चाबूक कशाला? यांना पळवावें लागत नाहीं, थांबवावें लागतें. माझ्या पायाखालीं आहे तो ब्रेक. तेवढेंच माझें हत्यार.” असें म्हणून तिनें आंकडा उपटला, आणि एक चमत्कार घडला. तो सारा आक्रोश एका क्षणांत थांबला. उरला फक्त बर्फावर घासणाऱ्या पट्ट्यांचा सरसर आवाज आणि बत्तीस पावलांचा हलका ठेका. जें मागत होतीं तें त्यांना मिळालें होतें. आतां ओरडावयाचें कशासाठीं?

या शांततेंत तिनें आम्हांला या वाहनाची कुळकथा सांगितली. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक व त्यांचे पूर्वज शेंकडों वर्षें याच गाडीवर जगले. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांची श्वानरथांतून निघालेली शेवटची गस्त १९६९ सालची. अलास्कांत नोम या गांवीं १९२५ च्या जानेवारींत घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलें, आगगाडी दूर थांबलेली. तेव्हां वीस सारथी व सुमारें दीडशें कुत्रीं यांनीं औषधाची पेटी हातोहात ६७४ मैल साडेपांच दिवसांत पोंचविली. त्यांतील अति बिकट टप्पा टोगो नांवाच्या कुत्र्याच्या पथकानें काढला; परंतु शेवटच्या टप्प्यावर बाल्टो होता, म्हणून न्यूयॉर्कांत पुतळा उभा राहिला तो बाल्टोचा. पुढें बर्फावर चालणारी मोटार आली आणि कुत्र्यांचें काम गेलें. आतां बव्हंशीं शर्यती उरल्या, आणि आमच्यासारखे हौशी प्रवासी.

सुमारें अर्ध्या तासानें वाटेला फांटा आला. मुलगी ‘हॉ’ म्हणाली. पुढारी जोडींतील एक करडी कुत्री जागींच थांबली. पुन्हां ‘हॉ’. कुत्रीनें मान वळवून मागें पाहिलें. पण पाऊल उचललें नाहीं. आम्हांस वाटलें, आतां हिला शिक्षा होणार. मुलीनें आंकडा रोवला, हातांत काठी घेतली, आणि कुत्रीपाशीं न थांबतां ती सरळ डाव्या वाटेनें दहा-बारा पावलें पुढें गेली. काठी टेंकतांच बर्फाच्या पातळ थराखालून पाणी वर आलें. तेथें एक ओढा होता. गोठलेल्या थरावरून त्याचें पाणी वाहत होतें आणि वरच्या भुसभुशीत बर्फानें तें झांकलें होतें. परत येऊन ती गुडघ्यांवर बसली, त्या करड्या कुत्रीच्या कपाळाला कपाळ लावलें आणि म्हणाली, “तुझें बरोबर होतें.” मग गाडी उजवीकडे वळली.

सौभाग्यवती आमच्या कानाशीं म्हणाल्या, “हुशार हो पोर!” ती पोर म्हणजे मुलगी कीं कुत्री, हें आम्हीं विचारलें नाहीं. आम्ही त्या वेळीं रॉकी पर्वतांत नव्हतोंच. आम्ही आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गांत होतों.

गोष्ट १९८८ सालची. वर्गांत मागें तपासणीचे साहेब बसलेले. आम्ही फळ्यावर ‘पति’ शब्द चालवीत होतों. घाईघाईनें तो ‘हरि’सारखा चालविला आणि चतुर्थीचें रूप ‘पतये’ लिहिलें. दुसऱ्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला: “सर, पत्ये होईल ना?” साहेबांदेखत हें झाल्यानें आमचा तोल गेला. साहेब जातांच ‘उद्धटपणाबद्दल’ म्हणून त्याच्या तळहातावर चार छड्या मारल्या. रात्रीं घरीं व्याकरण उघडलें. ‘भूपतये’ खरें, पण एकटा ‘पति’ असेल तर ‘पत्ये’च, या एका शब्दाकरितां पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे, आणि तें आम्ही शिकलों होतों. दुसऱ्या दिवशीं फळ्यावर रूप दुरुस्त केलें. मुलाला मात्र कांहीं बोललों नाहीं. त्यानें त्यानंतर आमच्या तासाला कधींही हात वर केला नाहीं. आम्ही त्याला ‘सुधारला’ असें समजलों.

फेरी संपल्यावर शेकोटीपाशीं बसलों असतां आम्हीं त्या मुलीस विचारलें, “हीं म्हातारीं झालीं म्हणजे?” ती म्हणाली, “नऊ-दहा वर्षांचीं झालीं कीं यांना चांगलीं घरें शोधतों.” मग कांहीं वेळ थांबून तिनें शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील हकीकत सांगितली. २०१० चे हिंवाळी ऑलिंपिक संपले, प्रवासी आटले, तेव्हां व्हिसलर येथें अशाच सहलींसाठीं पाळलेलीं कुत्रीं नकोशीं झालीं म्हणून मारून पुरण्यांत आलीं. २०११ सालीं तें उघडकीस आलें. पुढें जमीन उकरली तेव्हां पन्नासांहून अधिक प्रेतें निघालीं. मारणाऱ्यानें न्यायालयांत गुन्हा कबूल केला, आणि २०१२ सालीं त्या प्रांतानें अशा कुत्र्यांच्या संगोपनाचे नियम केले. “म्हणून,” ती म्हणाली, “येथें येणाऱ्यांनीं तुम्हीं विचारलांत तें विचारलें पाहिजे. गाडी कशी पळते हें सगळे विचारतात. कुत्र्याचें पुढें काय होतें हें थोडे.”

महाभारताच्या शेवटीं धर्मराजासवें गेलेला श्वान सर्वांस ठाऊक आहे. आरंभींचा श्वान मात्र पुष्कळांस आठवत नाहीं. जनमेजयाच्या यज्ञमंडपांत सरमेचा पुत्र आला असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्यास जीभ लावली नव्हती. सरमा येऊन विचारती झाली, “यानें काय अपराध केला?” त्यावर त्या राजपुत्रांपाशीं उत्तर नव्हतें, आणि तिनें शाप दिला. हा भाग आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितला असेल! पण तो आपल्याला उद्देशून आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं.

निघतांना सौभाग्यवतींनीं हातमोजा काढून त्या करड्या कुत्रीच्या मस्तकावरून हात फिरविला. “घरीं गेल्यावर स्नान करीन,” असें त्या म्हणाल्या खऱ्या. पण हात बराच वेळ तेथेंच होता.

त्या रात्रीं कॅलगरीस परतल्यावर कन्येकडून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं एकाचा, आणि त्याच्याकडून त्या मुलाचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीचा गृहस्थ आहे. पत्र लहानच लिहिलें: “१९८८ सालीं नववींत तूं ‘पत्ये’ म्हणालास. तुझें बरोबर होतें. छड्या आम्ही खावयास हव्या होत्या.” सोबत करड्या कुत्रीचें छायाचित्र ठेवलें.

हा लेख धाडीपर्यंत उत्तर आलेलें नाहीं. येईल कीं नाहीं, हा त्याचा अधिकार आहे.