कानाचें दुसरें काम

पंचज्ञानेंद्रियांची गणती करतांना कानाच्या वांट्यास आपण एकच काम देतों, तें म्हणजे ऐकण्याचें. कानाकडे दुसरेंहि एक काम आहे व तें प्राणिसृष्टींत ऐकण्याहून जुनें आहे, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. घरांतील वडील माणसास घेरी आली, कीं आपण पित्ताला, उपासाला, रक्तदाबाला बोल लावतों. कानाचें नांव निघत नाहीं.

आमच्या अंधेरीच्या घरीं हेंच झालें. काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. चैत्रांत एके पहाटे त्या उजव्या कुशीवर वळल्या आणि सारी खोली गरगर फिरूं लागली. अर्ध्या मिनिटांत फिरणें थांबलें. पण पुन्हां कूस पालटतांच तोच प्रकार. ज्या डॉक्टरांस प्रथम दाखविलें, त्यांनीं मानेचे मणके झिजल्याचें सांगून गळ्यास पट्टा दिला, व काकूंनीं तो तीन महिने इमानानें वागविला. तेवढ्या अवधींत त्यांचें गच्चीवर जाणें सुटलें, देवापुढें वांकणें सुटलें. रात्र तीन उशांना टेकून, बसल्या बसल्या सरूं लागली. पडण्याच्या भयानें माणसाचें घर किती लहान होत जातें, तें आम्हीं पाहिलें.

कानाचा पडदा व त्यामागील हातोडी, ऐरण, रिकीब हीं इवलीं हाडें ओलांडलीं, कीं कानशिलाच्या कठीण हाडांत कोरलेली, द्रवानें भरलेली एक गुहा लागते. तिचा एक भाग गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारें पावणेतीन वेढ्यांचा. उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. हा ऐकतो. त्याला लागूनच एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन लहान पिशव्या आहेत. या तोल राखतात. दोन्हीकडे काम करणाऱ्या पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असतात. ते लवले, कीं मेंदूस वार्ता जाते.

मंगळागौरीच्या रात्रीं जिनें फुगडी घातली आहे, तिला या नलिकांची ओळख निराळी करून द्यावयास नको. फुगडी सुरू होतांना डोकें फिरतें, पण नलिकेंतील द्रव क्षणभर मागें राहतो. केस लवतात व फिरणें कळतें. फुगडी रंगली, कीं द्रवहि त्याच वेगानें फिरूं लागतो. मग हात सुटतात, पाय थांबतात, आणि द्रव मात्र आपल्या गतीनें पुढें जातच राहतो. तो स्थिरावेपर्यंत देव्हाऱ्यासकट सारें घर फिरत असतें. मुली हंसत भुईवर बसतात. काकूंना ही फुगडी अंथरुणांत, न घालतांच, घडत होती.

याचें कारण खडे. त्या दोन पिशव्यांत झुबक्यांवर एक बुळबुळीत पापुद्रा असतो आणि त्यांत खडूच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म खडे रुतलेले असतात. वयोमानानें त्यांतील कांहीं सुटून नलिकेंत शिरतात. कूस बदलली, कीं ते घरंगळतात आणि द्रव हालवितात. तोलाच्या अवयवावरील संशोधनाबद्दल १९१४ चें नोबेल पारितोषिक व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांस मिळालें, तेव्हां ते रशियांत युद्धकैदी होते. सुटून आल्यावर १९२१ सालीं त्यांनीं अशाच घेरीचें वर्णन केलें. खडे आले त्या वाटेनें परत धाडण्याची युक्ति अमेरिकेंतील जॉन एप्ली यांनीं काढली व १९९२ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. शंभर वर्षांपूर्वींच्या ज्ञानाला अंधेरीच्या एका घरांत पोंचण्यास गळपट्ट्याची वाट धरावी लागली, हें मला अद्याप खटकतें.

आषाढांत कानाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं काकूंना टेबलावर बसवून मान उजवीकडे वळविली व झटकन् उताणें निजविलें. काकूंचीं बुबुळें थरथरूं लागलीं, तीं आम्हींहि पाहिलीं. नलिका आणि डोळे यांचा असा सांधा आहे, म्हणूनच हलत्या लोकलमध्यें आपणांस वर्तमानपत्र वाचतां येतें. मग डोकें सावकाश डावीकडे, मग सारें अंग त्याच कुशीवर, मग उठवून बसविणें. दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत. दुसऱ्या खेपेनंतर काकू एकाच उशीवर निजल्या आणि पट्टा माळ्यावर गेला. मात्र घेरीबरोबर जीभ अडखळली, हात लुळा पडला किंवा एकाएकी ऐकूं येईनासें झालें, तर खड्यांची वाट न पाहतां तत्काळ इस्पितळ गांठावें, अशी ताकीद बाईंनीं दिली. ती येथें मुद्दाम नोंदवितों.

काकांचें दुखणें त्याच गुहेंतलें, पण शंखाच्या बाजूचें. १९६२ पासून १९८२ च्या संपापर्यंत ते लोअर परळच्या एका गिरणींत साचेखात्यांत होते. साचे चालू असतां बोलणें ओंठांवरून ओळखावें लागे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेंत (ती १९८३ सालीं निघाली) त्यांचे कान तपासले, तेव्हां आलेखाची रेघ उंच स्वरांपाशीं दरींत उतरावी तशी खालीं गेली होती. स, श, फ यांचे ध्वनि तेथेंच असतात. त्यामुळें काकांना हांक ऐकूं येते, वाक्य येत नाहीं. शंखांत अशा पेशी सुमारें पंधरा हजार; मनुष्यांत मेलेली पेशी पुन्हां उगवत नाहीं. काकूंचे खडे जागेवर गेले. काकांसाठीं तसें टेबल कोठेंच नाहीं.

हें सारें मीं पुतण्यापुढें, काकांच्या नातवापुढें, बोललों, कारण एकोणीस वर्षांचा तो मुलगा गोविंदा पथकांत जातो. शेजारच्या जोगेश्वरीची या खेळांत मोठी ख्याति आहे. तेथील जय जवान पथकानें २०१२ सालीं ठाण्यास नऊ थर, ४३.७९ फूट, रचून जागतिक विक्रम केला. २०२५ सालीं तेथीलच कोकणनगर पथकानें ठाण्यासच दहा थर लावले. वर चढलेल्या पोराच्या पायांखालीं जमीन नसते, दुसऱ्याचे हलते खांदे असतात. तळपाय जी वार्ता देतात तिच्यावर विसंबतां येत नाहीं, नजर आणि त्या नलिका यांवरच भिस्त. चौदा वर्षांखालील मुलांस चढवूं नये, हें २०१७ सालीं उच्च न्यायालयापुढें ठरलें, तें योग्यच झालें. मला खेळाचें वावडें नाहीं. वावडें आहे तें खालीं उभारलेल्या कर्ण्यांच्या भिंतीचें. सन २००० च्या नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ डेसिबेलची मर्यादा. ८५ डेसिबेल आठ तास सोसावे असा एक प्रचलित हिशेब आहे. पुढें दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. पथकें तर एका चौकांत पाळीची वाट पाहत तासन् तास उभीं असतात.

पुतण्या म्हणाला, "कानांत बोळे घातले तर शिट्टी कशी ऐकूं येईल?" प्रश्न रास्त होता. शेवटीं त्यानेंच तोड काढली: थर लावतांना कान मोकळे, वाट पाहतांना बंद. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं तो रात्रीं अकरा वाजतां चिखलानें माखून घरीं आला. गळ्यांत दोरीला नारिंगी बोळे लोंबत होते.

काका जागे होते. "किती थर लावलेत?"

"सात, आजोबा."

"आठ?"

"सात!"

"आठ म्हणजे पुष्कळच झाले," काका म्हणाले. पुतण्यानें हात धुतले, त्यांच्यासमोर बसला आणि सात बोटें वर केलीं.