हादऱ्यांची फीत

मोटारसायकलवरील प्रवासाचे चित्रण करण्यासाठी डिजिटल कॅमकॉर्डर, म्हणजे चित्र टिपणे आणि ते नोंदवून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच पेटीत करणारा कॅमेरा, निवडताना भिंगाची ताकद किंवा चित्राचा स्पष्टपणा हे प्रश्न दुय्यम ठरतात. पहिला प्रश्न असतो तो यंत्र हादरे किती सोसते, हा. वाराणसीत हा प्रश्न फार लवकर उभा राहतो, कारण ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या मराठी घरांच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांना दगडी फरसबंदी आहे, आणि शहराबाहेर पडले की मिर्झापूर, रीवा, जबलपूर असे करीत नागपूर गाठणारा रस्ता लागतो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलण्यापूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई आणि वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत २,३६९ किलोमीटर धावे. काशीतल्या मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र तो आधी नागपूरच्या नातलगांचा रस्ता होता.

प्रस्तुत लेखकाच्या आयुष्यात आलेला पहिला कॅमकॉर्डर मिनिडीव्ही कॅसेटचा होता. १९९५ साली बाजारात आलेल्या या पद्धतीत अवघ्या ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या चुंबकीय फितीवर साधारण तासाभराचे चित्रण मावे. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या छोट्या दंडगोलावर बसवलेली चुंबकीय शीर्षे, ज्यांना व्यवहारात हेड म्हणतात, फितीवर तिरक्या रेषांत चित्र लिहीत, आणि अशी एक रेषा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच रुंद असे. बुलेटसारख्या एक-सिलिंडर गाडीचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना दट्ट्या सेकंदाला पन्नास वेळा खाली-वर होतो आणि त्याचा धक्का हँडलपासून टाकीपर्यंत पोहोचतो. अशा टाकीवर कॅमेरा घट्ट बांधला की हेड त्या बारीक रेषेवरून ढळे आणि पडद्यावर चित्राचे चौकोनी तुकडे पडत. कॅमेरा गाडीला न बांधता अंगाला बांधावा, कारण माणसाची कंबर, खांदे आणि मान यांच्याइतका हादरा गिळणारा दुसरा सांधा नाही, हे फिती वाया घालवल्यावर उमगले. काशीच्या पौषातल्या धुक्याने आणखी एक धडा दिला: गारठ्यातून उबदार खोलीत आणलेल्या कॅमेऱ्याच्या दंडगोलावर दव धरते, फीत चिकटू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते, आणि ते वाळेपर्यंत थांबण्यावाचून उपाय नसतो.

त्या काळी जाणकार मंडळी शिरस्त्राणावर बोटाएवढा नळीसारखा कॅमेरा लावीत, त्याची तार पाठीवरच्या पिशवीत नेत आणि तेथे कापडात गुंडाळलेल्या कॅमकॉर्डरवर चित्र नोंदवीत. त्यासाठी कॅमकॉर्डरला बाहेरचे चित्र आत घेण्याची सोय असावी लागे. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत ही सोय करआकारणीच्या कारणाने बंद केलेली असे, आणि आतेभावाने प्रेमाने तिकडून आणलेला लेखकाचा कॅमेरा नेमका तसाच निघाला.

फिरत्या तबकडीवर नोंद करणारे कॅमकॉर्डर या कामाला निरुपयोगीच होते. खरी सुटका मेमरी कार्डाने केली, कारण त्यात हलणारा भाग नाही. पण तेवढ्यात चित्रसंवेदक बदलला. नवा सीमॉस संवेदक चित्र एका क्षणात न टिपता ओळीमागून ओळ वाचतो, त्यामुळे वाचन चालू असतानाच हादरा बसला की सरळ खांब थरथरत्या जेलीसारखे वळतात. भिंग आतल्या आत हलवून चित्र स्थिर करणारी यंत्रणा असली म्हणजे झाले, हाही भ्रम आहे. मोटारसायकलच्या ताकदवान इंजिनांची कंपने आयफोनच्या अशाच यंत्रणेला अपाय करू शकतात, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने २०२१ साली दिला. गोप्रोसारखे छोटे कॅमेरे चित्राच्या कडा कापून उरलेला भाग गणिताने स्थिर करतात.

निवडीची आणखी एक कसोटी काशीच शिकवते, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात नसते: चित्रण थांबवण्याची कळ हातमोज्यातूनही चटकन सापडली पाहिजे. मणिकर्णिकेकडे निघालेली तिरडी अरुंद गल्लीत केव्हाही समोर येते, अंत्यविधीचे चित्रण तेथे निषिद्ध मानले जाते, आणि गाडी भिंतीला लावून उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी लाल दिवा लुकलुकत राहणे अशोभनीय आहे.

आजच्या स्थिर चित्रांत गल्ली पाण्यावरून तरंगत यावी तशी सरकते आणि फरसबंदी पायांना लागत नाही. म्हणूनच लेखकाने त्या जुन्या कॅसेटी जपल्या आहेत. त्यांपैकी एकीत राजघाटचा पूल आहे: १८८७ साली डफरिन पूल म्हणून खुला झालेला, १९४८ पासून मालवीयांचे नाव धारण करणारा, वरून रस्ता आणि खालून लोहमार्ग नेणारा दुमजली पूल. तेथे इंजिन बंद केल्याचे स्पष्ट ऐकू येते, गंगेचे अर्धवर्तुळ आणि घाटांची रांग समोर दिसते, आणि तरीही चित्र थरथरत राहते, कारण पायाखालून गाडी चाललेली असते.