वसंत आणि वळचण

मराठी कवितेतल्या वसंताविषयी वर्गात बोलताना मला दरवर्षी थोडे अवघडल्यासारखे होते. पालघर तालुक्यातले दातिवरे हे माझे गाव. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वैतरणेची खाडी आणि खाडीपलीकडे अर्नाळा. चैत्र-वैशाखात इथेही कोकीळ ओरडतो, आंब्याला फळ धरलेले असते, वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. पण त्या दिवसांत माणसे मान वर करतात ती मोहर पाहायला नव्हे, छप्पर पाहायला. गुढी उतरल्यापासून मृगापर्यंत, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेपर्यंत, हाताशी जेमतेम अडीच महिने असतात. नंतरच्या चार महिन्यांत साधारण २००० मिलिमीटर पाऊस याच छपरावर कोसळणार असतो. तेव्हा इथला वसंत हा शिडीचा, दोरीचा आणि शेणामातीचा ऋतू आहे, आणि त्याच्या मुळाशी आनंदाइतकीच धास्ती आहे.

ही धास्ती साहित्यात फारशी उतरलेली नाही. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी संपते. म्हणजे त्या मांडणीत वसंत हा शेवट आहे, फलश्रुती आहे. आमच्याकडे तो तयारीचा काळ. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने हिंडते, आणि झाडापानांकडे इतक्या बारकाईने पाहणारे पुस्तक मराठीत दुसरे सहज सापडणार नाही. पण तेही घराबाहेर पाहणारे पुस्तक आहे. हा त्याचा दोष नव्हे, त्याचा विषयच तो. प्रश्न एवढाच की घराच्या आतून वर पाहणारी नजर आपल्या ऋतुवर्णनांत इतकी दुर्मीळ का असावी. माझे उत्तर थोडे कडू आहे: जे लिहीत आले ते बहुधा छपराखाली होते, छपरावर नव्हते.

काम काय असते ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी फक्त स्लॅबची घरे पाहिली आहेत त्यांना कौले म्हणजे एकदा घातली की झाले असे वाटते. आमच्या घराच्या मागच्या पाख्यावर अजून कुंभाराची नळीची कौले आहेत. त्यांना खिळा नाही, खाच नाही. स्वतःचे वजन आणि एकमेकांवर चढवलेली कड, एवढ्यावरच ती टिकतात. मांजर धावले, नारळ पडला, वाऱ्याने खालून उचलले की कौल बोटभर सरकते, आणि पावसाला बोटभर जागा पुष्कळ झाली. पण गळतीचे खरे कारण पुष्कळदा फुटलेले कौल नसतेच. दोन कौलांच्या सांध्यात वर्षभर पाचोळा, माती, सुरूच्या झाडांची सुयांसारखी पाने साठतात. पाणी उतरताना तिथे अडते, मागे फुगते आणि कडेवरून आत येते. म्हणून दरवर्षी कौले उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची आणि पुन्हा रचायची. याला ‘कौले चाळणे’ म्हणतात. पुस्तक चाळणे आणि धान्य चाळणे या दोन्ही क्रिया त्या एका शब्दात आहेत, असे मला नेहमी वाटते.

उतरवणे आढ्यापासून खाली होते. रचणे मात्र वळचणीपासून वर, म्हणजे वरच्या कौलाची कड खालच्यावर बसते. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. ती पाण्याची बाजू झाली. माणसाचे काम नेमके उलट्या दिशेने चढत जाते, याची म्हण मात्र कुणी केली नाही. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा कृतघ्नपणा मानला जातो, पण कौले उतरली की पहिले काम तेच असते. वासे मोजायचे, ठोकून आवाज ऐकायचा, कुठे वाळवी लागली आहे, कुठली रीप कुजली आहे ते पाहायचे, नव्या लाकडाला जळके ऑइल पाजायचे. चैत्रात घराचे वासे मोजतो तोच खरा त्या घरचा. (विद्यार्थ्यांना हे सांगितल्यावर एकीने विचारले, ‘सर, वळचण म्हणजे नक्की काय?’ मग फळ्यावर घराचे चित्र काढावे लागले. तो तास चांगला झाला.)

पुढच्या पाख्यावर मंगळुरी कौले आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला आणि पुढे ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोचली. त्यांना दरवर्षी चाळावे लागत नाही. त्या सोयीने कुंभाराचा धंदा बसला, हेही खरे.

छपराखेरीज बाकीची कामे भरभर सांगता येतात: भिंतींची भोके बुजवणे, ओटा सारवणे, खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या बिजागऱ्या बदलणे, सरपण आत घेणे, पडवीच्या समुद्राकडच्या अंगाला झड अडवायला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधणे. ‘शाकारणे’ हे क्रियापद कोकणात घराला लागते तसे किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या होडीलाही लागते. जूनमध्ये मासेमारी बंद होते तेव्हा होडीही घरासारखीच छपराखाली जाते.

आमचे छप्पर चाळायला सफाळ्याच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक वारली गृहस्थ येत. आम्ही मुले त्यांना बाबा म्हणत असू, आई ‘भाऊ’ म्हणे. ते वाशावरच पाय ठेवत. कौलावर पाय पडल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. खाली अंगणात बायका कौले निवडत, टिचकी मारून आवाजावरून चिरलेले कौल ओळखत. त्यांचे स्वतःचे घर कारवीच्या कुडाचे, वर गवताचे छप्पर. ते ते केव्हा शाकारत, असे मी एकदा विचारले होते. ‘तुमची सगळ्यांची झाली का मग,’ ते म्हणाले. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मेच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर, उरल्या दिवसांत त्यांच्या घराची पाळी येई. ज्यांनी गावाची छपरे राखली त्यांचे छप्पर सर्वांत शेवटी, हा क्रम आमच्या घरात कुणाला कधी खटकला नाही. मला तो आज खटकतो.

छप्पर न चाळलेल्या घराची एक प्राचीन नोंद मात्र आपल्याच भाषेच्या पूर्वजेत आहे. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’त एक विरहिणी आहे. वादळी वाऱ्याने छपराचे गवत उडाले आहे, भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या आहेत, आणि परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या परतीचे दिवस मोजणाऱ्या भिंतीवरच्या रेघा ती दोन्ही तळहातांनी झाकून वाचवते आहे. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्तीही १९५६ सालचीच. ही गाथा आपण विरहाचे उत्कट चित्र म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण दातिवऱ्याच्या माणसाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ते छप्पर का उडाले? नवरा पावसाआधी गेला आणि त्या वर्षी कुणी शाकारले नाही, म्हणून. तिचे दारिद्र्य, तिचे एकटेपण आणि ते भोक, हे तीन वेगळे विषय नाहीत. मला तर वाटते, त्या कवीने कधीतरी गळक्या घरात रात्र काढली असावी; नाहीतर भांडी मांडायची सोडून भिंत झाकणारे हात त्याला सुचले नसते.

आफ्रिकेतल्या मालीमध्ये जेन्ने गावची प्रचंड मातीची मशीद आहे. आजची इमारत १९०७ साली पुरी झालेली. दरवर्षी पावसाळ्याआधी सारे गाव जमून तिला मातीचा नवा लेप देते, आणि तो उत्सव असतो. भिंतींतून बाहेर आलेली लाकडेच त्या वेळी शिडीचे काम करतात. आमच्याकडे या कामाला ना सण, ना गाणे. ते नीट झाले तर पावसाळाभर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याची बखर कोण लिहिणार?

न झाले तर काय होते ते २०२१ साली दिसले. बाबा तोवर थकले होते, त्यांचे मुलगे बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते, आणि निर्बंधांमुळे त्या मेमध्ये दुसरे कुणी मिळत नव्हते. १७ मे रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकले. रात्री ते गुजरातेत उन्याच्या बाजूला जमिनीवर चढले. दिवसभराच्या वाऱ्याने आमच्या घराचा समुद्राकडचा कोपरा उघडा पाडला. आई माजघरात बसून होती. ‘आवाज आला नाही रे, एकदम उजेडच आला,’ असे तिने फोनवर सांगितले.

तेव्हापासून त्या कोपऱ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे, सगळे पाडून स्लॅब टाकावा. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. आई सत्तरी ओलांडून गेली आहे आणि शिडीवर चढणारे कुणी उरलेले नाही. पण या किनाऱ्यावर खारी हवा काँक्रीटमधल्या सळयांपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. गळक्या स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड उभारलेली घरे सफाळ्यापासून बोईसरपर्यंत हवी तेवढी दिसतील. म्हणजे छपराला पुन्हा छप्पर. मी भावाला हे दाखवतो. तो म्हणतो, ‘दादा, तू सुट्टीत येतोस.’ यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

आई या वादात पडत नाही. नळीची कौले आता आसपास कुणी करत नाही, म्हणून गावात कुणाचे जुने घर पाडायला निघाले की ती आधी चौकशी करते, कौलांचे काय करणार. मिळाली तर टेम्पोने आणवते आणि विहिरीशेजारी रचून ठेवते. यंदाच्या वैशाखात तिने ती रास मोजून घेतली. चारशे बारा भरली. चाळताना दरवर्षी तीस-चाळीस फुटतात.