जुनं घड्याळ घेण्याआधी मनगट मोजा



आजची नोंद उसाची नाही, जुन्या मनगटी घड्याळाची आहे. मोजायला व्हर्नियर मात्र तोच वापरलाय, उद्यमनगरातनं आणलेला, ज्यानं आपण मधल्या कांडीची जाडी घेतो.

आमच्या आबांना 1974 साली लग्नात एचएमटी जनता मिळालं होतं. जावयाला घड्याळ, अंगठी, सायकल, असा तो काळ. पुढं मी चौथीत असताना ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली, ऊस वाळायला लागला, आणि मोटर भरायच्या पैशासाठी ते घड्याळ गेलं. त्यानंतर आबांनी मनगटाला काही बांधलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता चालतात-फिरतात, पण डावा हात बारीक झालाय. गोळ्या दिवसातनं चार वेळा, त्याही वेळेवर. मोबाईलमध्ये वेळ बघायला त्यांना आवडत नाही. म्हणाले, "तसलंच एक बघ की रं, चावीचं."

एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं 1961 साली बेंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि 2016 साली सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. त्या काळचं जनता पाहिजे असेल तर वापरलेलंच शोधावं लागतं. आणि वापरलेलं घड्याळ बहुतेक वेळा मोबाईलवरच्या फोटोवरून घ्यावं लागतं. फोटोत 26 मिमीचं बायकी घड्याळही ताटाएवढं दिसतं.

विकणारा एकच आकडा सांगतो. "साईज 38." कशाची साईज? एकाला विचारलं तर कळलं, चावीसकट मोजलेली. म्हणजे वाढ्यासकट उसाची उंची सांगण्यातला प्रकार! घड्याळाचा व्यास चावी सोडून धरायचा असतो. त्याचं ते 38 प्रत्यक्षात 35 निघालं. अर्थात जुन्या घड्याळाला 35 हे काही कमी माप नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं बारा कंपन्यांकडून सैनिकांसाठी घड्याळं बनवून घेतली, ती साधारण 35 ते 38 मिमीचीच. जर्मन विमानातल्या दिशादर्शकाचं घड्याळ 55 मिमीचं होतं, पण ते जाड जॅकेटच्या बाहीवरनं बांधायचं. आजची पोरं 42-44 घालतात म्हणून आजोबांचं घड्याळ लहान वाटतं, एवढंच. आमच्या को 86032 ची चांगली कांडी 30 मिमीच्या आसपास भरते. त्याहून थोडं रुंद घड्याळ मनगटावर काय लहान दिसणार?

पण खरं माप व्यासाचं नव्हे. घड्याळाला पट्टा अडकवायला वर-खाली शिंगांसारखी चार टोकं असतात, त्यांना लग म्हणतात. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी हे ते माप. मनगटाचा वरचा सपाट भाग जेवढा रुंद, त्यापेक्षा ही लांबी कमी पाहिजे. जास्त झाली की टोकं हवेत लोंबतात, पट्टा कडेनं उठतो आणि घड्याळ फिरत राहतं. आबांच्या मनगटाचा घेर सुतळीनं मोजला, पंधरा सेंटीमीटर. सपाट भाग व्हर्नियरनं घेतला, 47 मिमी. मोजताना आबा म्हणाले, "ऊस तोडायला आलाय का बघतोस व्हय?"

आता खरी अडचण. हात बारीक म्हणून घड्याळ आखूड पाहिजे, पण नजर कमी झाली म्हणून डायल मोठा पाहिजे. दोन्ही एकाच घड्याळात कसं बसवायचं? उत्तर काचेच्या भोवतीच्या कड्यात आहे. दोन घड्याळं 35 मिमीचीच, पण एकाचं कडं रुंद आणि दुसऱ्याचं बारीक असेल, तर बारीक कड्याच्या घड्याळात डायल चांगलाच मोठा मिळतो. पांढरा डायल असेल तर आणखी मोठा भासतो. चौकोनी घड्याळाचा आकडा तर फारच फसवा. 34 मिमीचा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 48 भरतो, आणि 34 च्या गोल घड्याळापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

जाडीचंही बघा. चावीचं घड्याळ सहसा ऑटोमॅटिकपेक्षा पातळ असतं, कारण ऑटोमॅटिकच्या मशीनवर फिरणारं वजन बसवलेलं असतं. सदऱ्याच्या बाहीखाली पातळ घड्याळ बरं. आणि आमच्यासाठी चावीचा आकार महत्त्वाचा होता. घड्याळ डाव्या हातात, चावी द्यायची उजव्या हाताच्या बोटांनी, आणि त्या बोटांतही आता पूर्वीचा जोर नाही. झिजून गुळगुळीत झालेली बारीक चावी त्यांच्या चिमटीत धरत नाही. हे माप जाहिरातीत कुणीच लिहीत नाही, मागून घ्यावं लागतं.

विकणाऱ्याकडं व्हर्नियर नसेल तर सोपा उपाय आहे. घड्याळाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून सरळ वरून फोटो मागायचा. ते नाणं 27 मिमीचं असतं. फोटोतलं नाणं आणि घड्याळ पट्टीनं मोजलं की त्रैराशिकानं खरं माप निघतं. असा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला मी पुढं विचारतच नाही.

मापावरनं जोडजमाव केलेलं घड्याळही ओळखू येतं. जुन्या केसमध्ये नवा रंगवलेला किंवा दुसऱ्याच घड्याळाचा डायल घालून विकायचा धंदा जोरात आहे. मिनिटांच्या रेघा कड्याखाली अर्ध्या झाकल्या असतील, किंवा डायल आणि कड्यामध्ये फट दिसत असेल, तर तो डायल त्या केसचा नव्हे. चकाकी फार असली तरी सावध राहा. पॉलिश मारून मारून लगच्या कडा गोल होतात, टोकं बारीक पडतात. कोयत्याला सारखी धार लावली की पातं झिजतं, तसंच ते.

शेवटी कोल्हापुरात एका जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं जनता मिळालं. पांढरा डायल, अंक देवनागरी. दुकानातच व्हर्नियर लावला. व्यास 35, लग ते लग 41, पट्ट्याची जागा 18. आबांच्या 47 वर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी मोकळे राहतात. कड्याखाली एकही रेघ झाकलेली नाही. मागचं झाकण उघडून मशीनवर गंज नाही हेही बघून घेतलं. पन्हाळ्याचा पावसाळा म्हणजे चार महिने धुकं आणि ओल, आणि असली जुनी घड्याळं पाण्याला टिकत नाहीत. त्यामुळं जून ते सप्टेंबर ते कपाटात डब्यात राहील की आबांच्या हातात, यावर घरात अजून वाद चालू आहे. आबांचं म्हणणं, गोळ्या काय पावसाळ्यात बंद असतात का?

पट्टा 18 मिमीचा सहज मिळाला, लांबीला मात्र जास्त झाला. चांभाराकडनं आत आणखी दोन भोकं पाडून घेतली.