शेवाळ

शेवाळाशी माझे जुने वैर. लहानपणी विहिरीच्या पायरीवर त्याने मला दोनदा पाडले आणि दोन्ही वेळा दादाने वर ओढले. त्याच दादासाठी गेल्या पावसाळ्यात मी शेवाळ विकत आणले!

दादाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. एकदा बरा होऊन तो पुन्हा उलटला. एका स्नेह्याने तपकिरी समुद्रशेवाळाच्या भुकटीचा डबा सुचवला. वर छापले होते, ‘प्रतिकारशक्ती वाढवते.’ बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी शेवाळ धरले.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “मास्तर, यात फ्यूकॉयडन असते. १९१३ साली स्वीडनच्या क्यूलिनने ते वेगळे काढले. प्रयोगशाळेत त्याने प्रतिकारपेशी जाग्या होतात, हे खरे. पण रोग्याचा कर्करोग त्याने हटतो, असा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय ते रक्त गोठण्याच्या आड येऊ शकते. सध्या नको.”

माझा चेहरा उतरला. तेव्हा ते हसून म्हणाले, “उद्या दादांना जे औषध देणार, त्याचेही मूळ शेवाळातच आहे.”

त्यांनी सांगितले ते असे. समुद्रससा नावाचा गोगलगायीच्या कुळातला एक प्राणी आहे. त्यात डोलास्टॅटिन १० हे जहाल विष असल्याचे अमेरिकेतील पेटिट यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले. पुढे कळले, विष त्याचे नव्हेच. तो खातो त्या नीलहरित शेवाळाचे. (शास्त्रज्ञ त्याला आता जीवाणूंत मोजतात.) नुसते विष रोग्यांना मानवले नाही. मग त्याच धर्तीवर घडवलेले विष प्रतिपिंडाला जोडले. प्रतिपिंड हे शरीराच्या संरक्षणदलाचे हत्यार. इथे ते टपालवाला झाले. सीडी ३० ही खूण असलेली पेशी शोधायची आणि विष तिच्या पोटात पोचवायचे. या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिनला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली.

म्हणजे माझ्या डब्यात नुसती सदिच्छा होती. त्या बाटलीत पत्ता होता.

चार मात्रा झाल्या. दादाच्या गाठी उतरताहेत. औषधाने बोटे मात्र बधिर होतात, म्हणून त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या मी लावतो. शाळेत जाताना माझ्या तो लावी.

डबा अजून फडताळात आहे. उघडवत नाही, टाकवतही नाही.