कात्री लागलेला वॅग्नर

उंची पावणेतीन इंचांहून जराशी कमी, रुंदी दीड इंचाच्या आत. मागे नारिंगी रंग, त्यावर मधोमध भांग पाडलेला, बिनमिशीचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस. अंगात पिट्सबर्ग संघाचा सदरा, कार्डाच्या पाठीवर 'पीडमाँट' सिगारेटची जाहिरात. अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांत घालायला बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढली. संग्राहक त्या मालिकेला टी-206 म्हणतात. वरच्या चित्रातल्या होनस वॅग्नरनं हरकत घेतली आणि त्याच्या कार्डाची छपाई थांबली. पोरांनी कार्डापायी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं सांगतात. मोबदल्यावरून बिनसलं, असंही सांगतात. गडी स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिल्या गोष्टीवर माझा फारसा विश्वास नाही. ते काही असो, आज जेमतेम पन्नास-साठ वॅग्नर उरलेत.

त्यातले बहुतेक सुरकुतलेले, घडी पडलेले, कोपरे गोल झालेले. हा एकटाच न्हाव्याच्या खुर्चीतून नुकता उठल्यासारखा! 1991 साली हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी तो 4,51,000 डॉलरला घेतला, तेव्हापासून तो ग्रेट्झ्कीचा वॅग्नर झाला. जुन्या कार्डांची प्रत ठरवणारी पीएसए ही संस्था त्याच वर्षी निघाली होती. तिनं तपासलेलं पहिलं कार्ड हेच. दहापैकी आठ गुण देऊन तिनं ते प्लास्टिकच्या डबीत बंद केलं.

प्रत ठरवताना कोपरे किती टोकदार, कडा किती स्वच्छ, पृष्ठभागावर ओरखडा आहे का, चित्र बरोबर मध्ये आहे का, एवढं बघतात. गोम अशी, की झिजलेली कड बारीकशी कापली तर कोपरा पुन्हा टोकदार होतो. म्हणून कापलेल्या कार्डाला गुणच द्यायचे नाहीत, असा नियम आहे. या देखण्या वॅग्नरबद्दल कुजबुज जुनीच होती, तरी मालक बदलेल तशी किंमत चढत गेली. मध्ये वॉलमार्टच्या सोडतीत तो फ्लोरिडातल्या टपाल खात्यातल्या एका कर्मचारी बाईंना लागला. बक्षिसावरचा कर झेपेना, म्हणून त्यांनी तो विकायला काढला. 2007 साली केन केंड्रिक यांनी त्याचे 28 लाख डॉलर मोजले.

1985 मध्ये हेच कार्ड 25,000 डॉलरला घेणारा बिल मास्ट्रो पुढे मोठा लिलावदार झाला. लिलावांतल्या फसवणुकीच्या खटल्यात 2013 साली त्यानं गुन्हा कबूल केला, आणि या वॅग्नरच्या कडा आपणच कापल्या हेही सांगून टाकलं.

2022 मध्ये दुसरा एक वॅग्नर 72.5 लाख डॉलरला गेला. त्याची प्रत दहापैकी दोन. बाजार तोवर कुठल्या कुठे गेला होता, हे खरं. पण निवड करायची वेळ आलीच, तर मी त्या मळकट दोनवाल्याच्या बाजूचा.