कावळा, चौक आणि गोळी

तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज सुरू झाली, पण आसपासच्या आमच्या घरांत कावळा शिवायचा तो शिवतच राहिला. आईचं ताट वेगळं, चटई वेगळी, चार दिवस मुक्काम पडवीत. कावळा येतो कुठून, असं विचारलं की आजी दटावायची, ‘‘गप बस, देवाला ऐकू जाईल.’’ देवाच्या कानावर काय घालायचं नाही, एवढं शरीरशास्त्र आम्ही तिथेच शिकलो.

आता बोईसरच्या फ्लॅटला पडवी नाही आणि खिडकीला जाळी आहे, कावळ्याची सोय नाही. पण गणपती जवळ आले की मेडिकलमध्ये हळू आवाजात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या जातात. पूर्वी बाई देवापासून दूर बसायची, आता पाळीलाच दूर बसवतात. कावळा गेला, विटाळ राहिला.

त्या चार दिवसांना आता काही जण ‘विश्रांती’ म्हणून गोंजारतात. पावसाळ्यात पडवी ओली, पाळीच्या कापडाच्या घड्या कुणाला दिसू नयेत म्हणून अंधारात वाळत घातलेल्या. असली विश्रांती शत्रूलाही नको. तरी खरं सांगायचं, तर शेजारची काकू पडवीच्या कडेला टेकायची, आई चुलीपासून सुटलेली असायची, आणि तिला मोठ्याने हसताना आम्ही तेव्हाच ऐकलं. त्याआधीच्या पिढीत तर पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत. अर्थात ते मखर म्हणजे बालवधू आता सासरी धाडायला हरकत नाही, याची दवंडीच असे. मखर गेलं ते बरंच झालं. त्याबरोबर कौतुकही गेलं.

आज मुलीला सगळी माहिती फोनवर मिळते, आणि मुलाला तर नको तेवढी मिळते. घरात मात्र तीच शांतता. आमच्या वेळी वर्षातून एकदा, शिमग्याला, धर्मच तोंड मोकळं करायची मुभा द्यायचा. होळीभोवती बोंब मारताना सभ्य माणसंही जे बोलत, ते ऐकून आमचे कान तापायचे. त्यातल्या बहुतेक बोंबा बायकांच्या अब्रूवर असत, हे कळायला आम्हाला मोठं व्हावं लागलं. आता तीच बोंब मोबाइलवर बारा महिने चालते, आणि विझवायला होळीही नाही.

बोईसर स्टेशनपासून थोडं आत गेलं की वारली आदिवासींचा धर्म वेगळंच शिकवायचा. लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढत, त्यात सुफलतेची पालघट देवी, आणि धवलेरी ही बाईच गाणी म्हणून लग्न लावी. पैसे नसतील तर जोडपं आधी संसार मांडी, लग्न सवडीने होई. कधी आईबापांच्या लग्नात मुलंही नाचत. आम्ही शाळकरी पोरं त्यावर फिदीफिदी हसायचो. ती नुसती मोकळीक नव्हती, गरिबीही होती: पूर्वी कर्ज काढून लग्न करणारा सावकाराचा लग्नगडी होई, नवराबायको दोघं वेठीला. ती वेठ मोडायला १९४५ चा वारल्यांचा लढा व्हावा लागला.

आता पालघट देवीचा चौक हॉटेलांच्या भिंतींवर आणि कॉफीच्या मगांवर आला आहे. देवी कशाची, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. आधी संसार मांडलेल्या जोडप्यांची सामुदायिक लग्नं लागतात, भाषणं होतात. आणि आमचीच मुलं मुंबईत लग्नाआधी एकत्र राहतात, तेव्हा आम्ही नातेवाइकांना ‘रूममेट’ म्हणून सांगतो.

ही लपवाछपवी जुनीच. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक ज्ञानाचं मासिक काढलं, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच राज्यात शाळांतलं लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाने थांबवलं गेलं. कावळ्याला दोष देऊन भागणार नाही. आम्हीच तो पाळला.

तेव्हा जुनं काही परत आणू नका, ते तसं चांगलं नव्हतंच. फक्त यंदा गणपतीच्या आधी ती गोळी आणू नका. मुलीला पाळी आली तरी आरतीचं ताट तिच्याच हातात द्या, आणि का दिलं ते मुलालाही समजावून सांगा. बाप्पाला चालतं की नाही, ते त्याचं तो बघेल.